नांगरटीतला वसंत

काही पुस्तके एकाच जागी इतक्या वेळा उघडली जातात, की पुढे हातात घेताच त्यांची पाने आपोआप त्याच जागी विलग होतात. जेन ऑस्टिनच्या 'पर्सुएशन' या कादंबरीच्या उंबऱ्यावरच असे एक पुस्तक आपल्याला भेटते. इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यात केलिंच हॉल नावाचा वाडा आहे. त्याचे धनी सर वॉल्टर एलियट मनोरंजनासाठी दुसरे कोणतेही पुस्तक हाती धरत नाहीत. त्यांचा एकमेव ग्रंथ म्हणजे 'बॅरोनेटेज', बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब असलेल्या देशातल्या घराण्यांची छापील वंशावळ. आणि त्या ग्रंथातही ज्या पानाची गोडी त्यांना कधी कमी वाटत नाही, ते पान त्यांच्या स्वतःच्या घराण्याचे. वयाच्या चौपन्नाव्या वर्षीही या गृहस्थाला आपली जन्मतारीख, आपले लग्न, आपले पूर्वज छापील अक्षरांत वाचताना नवा आनंद होतो. पात्राची ओळख करून द्यायला कादंबरीकार चेहरा रंगवतो, घर रंगवतो, बोलणे ऐकवतो. ऑस्टिनने एका माणसाचे सारे अंतरंग एका पुस्तकाच्या सैल झालेल्या शिवणीत ठेवले आहे.

त्या पानावर आपण जरा रेंगाळू या, कारण ते नुसते छापील नाही. सर वॉल्टरनी त्यात स्वतःच्या हाताने भर घातली आहे. धाकट्या मुलीच्या, मेरीच्या, जन्मतारखेपुढे तिच्या लग्नाची नोंद आहे, १६ डिसेंबर १८१०. आणि पत्नी ज्या दिवशी गेली तो नेमका दिवसही त्यांनी काळजीपूर्वक लिहून ठेवला आहे. पत्नीच्या वियोगाची तारीख आणि जावयाच्या घराण्याचे नाव एकाच लेखणीने, एकाच नीटसपणाने लिहिले जाते, तेव्हा त्या नीटसपणाकडे पाहून आपले मन किंचित चरकते. दुःख कोरडे आहे असे लेखिका कुठेच म्हणत नाही. ती फक्त नोंदवही दाखवते, आणि त्या दिवसाखेरीज पत्नीविषयी पानावर दुसरे काही आहे का, हे पाहण्याचे काम आपल्यावर सोडते.

पण याच पानाचा खरा अर्थ उमगतो तो थोरल्या मुलीच्या एका हालचालीतून. एलिझाबेथ एकोणतीस वर्षांची आहे, अजून देखणी आहे, आणि अविवाहित आहे. वडील ते पुस्तक टेबलावर उघडे ठेवून उठून जातात. त्या पानावर तिची जन्मतारीख आहे आणि तिच्यापुढे काहीच नाही. लग्नाची नोंद आहे ती सर्वांत धाकट्या बहिणीची. तेव्हा एलिझाबेथ नजर दुसरीकडे वळवून ते पुस्तक मिटते आणि दूर सारते. ही हालचाल ऑस्टिनने एकाच वाक्यात उरकली आहे, आणि तरीही वडिलांचा आनंद मुलीच्या काळजात कुठे रुततो हे तिच्याइतके हळुवारपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. ज्या पानावर पित्याचे तारुण्य अक्षय जपून ठेवले आहे, तेच पान मुलीला तिचे तारुण्य सरत असल्याची वर्दी देते. आणि मधली मुलगी ॲन? तिचे नाव आता दुसऱ्या कुठल्या घराण्याच्या पानावर वाचायला मिळेल, ही आशाच वडिलांनी सोडून दिली आहे. सत्तावीस वर्षांची, कोवळ्या चेहऱ्याची, सौम्य काळ्या डोळ्यांची ही मुलगी त्यांच्या लेखी जवळजवळ पुसली गेलेली नोंद आहे. कादंबरीची नायिका आपल्याला अशी भेटते: पित्याच्या नजरेतून निसटलेली.

मराठी वाचकाला इथे ययाती आठवल्यावाचून राहत नाही. पुत्राकडे तारुण्य मागणारा महाभारतातला तो राजा वि. स. खांडेकरांच्या १९५९ च्या कादंबरीमुळे आपल्या पिढ्यांच्या ओळखीचा झाला. सर वॉल्टर मात्र काही मागत नाहीत, कारण आपले तारुण्य गेले आहे हेच त्यांना ठाऊक नाही. ययातीला निदान आपले वार्धक्य दिसले होते. सर वॉल्टरना वार्धक्य दिसते ते सतत दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर: शेजाऱ्यांच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांत, मेरीच्या राठ होत चाललेल्या कांतीत, ॲनच्या ओसरलेल्या लावण्यात. आरमाराविषयी त्यांची मोठी तक्रार काय, तर तो पेशा माणसाला अकाली म्हातारा करतो. ॲडमिरल बॉल्डविन नावाच्या एका दर्यावर्दी माणसाचा रापलेला चेहरा पाहून त्यांनी वय साठीचे ठरवले, निघाले चाळीस. पुढे बाथ शहरात ते एका दुकानात उभे राहून रस्त्यावरून जाणाऱ्या स्त्रिया मोजतात. सत्त्याऐंशी जणी गेल्या, आणि एकीचाही चेहरा त्यांच्या पसंतीस उतरला नाही. या आकड्यातला नेमकेपणा पाहा. ज्याने सत्त्याऐंशी चेहरे मोजले त्याने एकही चेहरा पाहिला नाही, हे सांगायला ऑस्टिनला टीकेचा एक शब्दही लागत नाही.

या आत्ममग्नतेला कादंबरीने दिलेले उत्तर इतके प्रसन्न आहे, की ते वाचताना दर वेळी मन हलके होते. कर्ज वाढते, वाडा भाड्याने द्यावा लागतो, आणि ट्रॅफल्गारच्या लढाईत असलेले व नंतर पूर्वेकडच्या समुद्रांवर राहून आलेले ॲडमिरल क्रॉफ्ट पत्नीसह केलिंच हॉलमध्ये राहायला येतात. त्यांनी घरात केलेले बदल थोडे आहेत, आणि त्यांतला एक ते ॲनला अगदी निर्मळपणे सांगतात. सर वॉल्टरच्या शृंगाराच्या खोलीत इतके मोठमोठे आरसे होते, की स्वतःपासून सुटका नव्हती. तेव्हा बायकोला हाताशी घेऊन त्यांनी ते हलवले, आणि आता दाढीच्या लहान आरशाने त्यांचे छान भागते. बोलता बोलता ते चपापतात, आपण मुलीसमोर वडिलांविषयी बोलतो आहोत हे त्यांच्या ध्यानात येते. आणि त्यांचा हा संकोचही त्या खोलीत नव्याने आलेल्या मोकळ्या हवेचा भाग वाटतो. कुणाच्या स्मृतींचा अवमान झाला नाही, काही फुटले नाही, आरसे फक्त बाजूला झाले. ॲनला मनातून पटते, की घर आता त्याच्या मालकांपेक्षा योग्य हातांत आहे. आणि हे पटणे तिला दुखतेही, हे ऑस्टिन विसरत नाही.

आता आपण ॲनच्या स्मृतीकडे वळू, कारण कादंबरीचा सारा रस तिथे मुरलेला आहे. १८०६ च्या उन्हाळ्यात, एकोणिसाव्या वर्षी, फ्रेडरिक वेंटवर्थ नावाच्या तरुण आरमारी अधिकाऱ्यावर तिचे प्रेम जडले. त्याच्यापाशी पैसा नव्हता, घराण्याचे नाव नव्हते. होता तो स्वतःवरचा उसळता विश्वास. आईमागे आईची माया देणाऱ्या लेडी रसेल यांनी तिचे मन वळवले आणि तिने लग्नाचा शब्द मागे घेतला. आठ वर्षांनी, १८१४ च्या शरदात, वेंटवर्थ युद्धातून संपत्ती आणि लौकिक घेऊन परत येतो. मिसेस क्रॉफ्ट त्याची सख्खी बहीण आहे, आणि ॲनच्या धाकट्या बहिणीच्या सासरी त्याचे जाणेयेणे सुरू होते. पहिली भेट कशी होते? न्याहारीच्या वेळी तो दारात येतो, अर्धी नजर भेटते, एक अभिवादन, एक प्रतिअभिवादन, खोलीत आवाजांची दाटी, खिडकीशी कोणीतरी घाई करते आणि पाहुणे शिकारीला निघून जातात. आठ वर्षांचा विरह काही मिनिटांत येऊन जातो. इथे ऑस्टिनची वाक्ये एकाएकी आखूड होतात, धाप लागल्यासारखी तुटक तुकड्यांत पडतात; आणि तो गेल्यावर ॲन मनाशी हिशोब मांडते, की आठ वर्षांत काय काय बदलत नाही, विस्मृती किती साहजिक आहे, आणि त्याच श्वासात तिला उमगते की स्मरणाला धरून बसलेल्या हृदयापाशी आठ वर्षे म्हणजे काहीच नाहीत. बुद्धी आणि हृदय यांचे हे दुपेडी चालणे एकाच परिच्छेदात विणण्याची ऑस्टिनची कला इथे परमोच्च बिंदूला पोचते.

मग तिच्या कानी येते, की वेंटवर्थ म्हणाला, ती इतकी बदलली आहे की ओळखली नसती. हे शब्द तिच्यापर्यंत पोचवणारी बहीण मेरी. तिला त्यातला घाव कळतही नाही. ॲन काय करते? ती आरशाकडे जात नाही. ती त्या शब्दांचे खरेपण मान्य करते, आणि हे आपल्याला कळले ते बरेच झाले, मन आता शांत होईल, असे स्वतःला समजावते. त्याच वेळी तिला जाणवते, की काळाने तिचे तारुण्य हिरावले, पण त्याच्या चेहऱ्यावर तोच काळ तेज चढवून गेला आहे. पिता आणि कन्या यांच्यातले अंतर या जागी आपल्याला स्वच्छ दिसते. दोघांनाही तारुण्याची आठवण प्रिय आहे. पित्याने तारुण्याचा चेहरा जपला, कन्येने तारुण्यात जे वाटले ते जपले; चेहरा काळासमोर उभा राहू शकत नाही म्हणून तो जपणाऱ्याला काळच नाकारावा लागतो, आणि भावना काळात राहूनच पिकते म्हणून ती जपणाऱ्याला काळाची भीती उरत नाही.

गतकाळाची ओढ कादंबरीत एका आईलाही लागली आहे, आणि तिची छटा निराळी आहे. मेरीची सासू मिसेस मसग्रोव्ह हिचा मुलगा डिक समुद्रावर गेला आणि वारला. तो घरात असताना डोईजड, उडाणटप्पू होता, कोणालाच फारसा हवासा नव्हता. पण वेंटवर्थचे नाव ऐकताच आईला आठवते की तो याच कप्तानाच्या जहाजावर होता, आणि गेलेला मुलगा तिच्या आठवणीत गुणी होऊन परत येतो. ऑस्टिनची लेखणी इथे थोडी कठोर होते. कित्येक वाचकांना तो कठोरपणा आजही बोचतो. पण त्याच प्रसंगात आपले लक्ष ॲनकडे असावे. वेंटवर्थच्या चेहऱ्यावर क्षणभर एक छटा उमटते आणि मावळते, ती एकट्या ॲनला दिसते. त्यावरून तिला कळते की त्या मुलाविषयी त्याचे मत काय होते. आणि दुसऱ्याच क्षणी तो सोफ्यावर त्या आईशेजारी जाऊन बसतो, खालच्या आवाजात तिच्या मुलाविषयी बोलतो, तिच्या दुःखात जे खरे आहे त्याचा मान राखतो. आठ वर्षांनंतरही एका माणसाला दुसऱ्याचा चेहरा इतका वाचता येतो, प्रेमाची याहून मोठी खूण कोणती? ॲन त्याच्या शेजारीच आहे; मधे फक्त ती शोकाकुल माउली बसलेली आहे.

आता आपण त्या जागी आलो आहोत, जिच्यासाठी ही कादंबरी पुनःपुन्हा उघडावीशी वाटते. नोव्हेंबरचा दिवस आहे, आणि सगळी तरुण मंडळी विन्थ्रॉप नावाच्या शेतवाडीच्या दिशेने लांबवर फिरायला निघाली आहेत. ॲन मागे राहून ऋतूचा शेवटचा प्रकाश, पिवळी पाने, सुकलेली कुंपणे पाहते आणि शरदावरच्या पाठ कविता मनातल्या मनात आळवते. पुढे वेंटवर्थ आणि मेरीची नणंद लुइसा मसग्रोव्ह बोलत चालले आहेत. प्रेमाच्या माणसाने गाडी उलथवली तरी चालेल, असे काहीसे लुइसा उत्साहाने म्हणते, वेंटवर्थ तितक्याच उत्साहाने तिला दाद देतो, आणि ॲनच्या ओठांवरची कविता थांबते. मग तिला आठवते ती फक्त सरत्या वर्षाला सरत्या सुखाची उपमा देणारी, तारुण्य, आशा आणि वसंत एकदमच गेले असे सांगणारी एखादी हळवी रचना. आणि तेवढ्यात वाट एका टेकडीवर चढते, दोन्ही बाजूंना प्रशस्त शेते लागतात, आणि त्या शेतांत नांगर चाललेले असतात. कवितेतल्या गोड निराशेशी शेतकऱ्याला काही कर्तव्य नाही. त्याला वसंत पुन्हा हवा आहे, आणि त्यासाठी तो आत्ता, या नोव्हेंबरात, कामाला लागला आहे.

वाक्याच्या पोटात दडवलेले हे निरीक्षण चालता चालता निसटून जावे इतके सहज आहे. ऑस्टिन त्यावर बोट ठेवत नाही, पुढच्या ओळीत मंडळी टेकडीच्या माथ्यावर पोचतातही. पण आपण मागे थांबू. ज्या क्षणी नायिका वसंत गेला म्हणून कवितेचा आधार शोधते आहे, त्याच क्षणी तिच्या डोळ्यांसमोर वसंताची तयारी चालू आहे. आणि ही तयारी कशी असते, हे जमिनीशी नाते असलेल्या आपल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. नांगरट गेल्या पिकाची धसकटे नाहीशी करत नाही. ती उलथून मातीत गाडते, आणि तीच पुढे जमिनीचे अन्न होतात. नव्याने सुरुवात करणे म्हणजे पाटी कोरी करणे नव्हे, असे ही कादंबरी कुठेही उपदेशाच्या सुरात म्हणत नाही. ती आपल्याला नांगरलेल्या शेताच्या कडेने चालवत नेते, एवढेच.

या टेकडीनंतर कादंबरीची हवाच पालटते, आणि ही पालट स्पर्शांच्या भाषेत लिहिलेली आहे. याआधी एकदा आजारी भाच्याच्या उशाशी गुडघे टेकून बसलेल्या ॲनच्या पाठीवर दुसरा भाचा चढून बसला होता आणि काही केल्या उतरेना. तेव्हा कोणीतरी त्याला अलगद उचलून घेतले, आणि मान मोकळी झाल्यावर तिला कळले की ते हात वेंटवर्थचे होते. आज परतीच्या वाटेवर ती थकली आहे हे त्याच्याच ध्यानात येते. क्रॉफ्ट दांपत्याची दोनचाकी गाडी तिथे येते, तो त्यांच्याशी संधान बांधतो आणि काही न बोलता ॲनला हातांनी आधार देऊन गाडीत बसवतो. दोन्ही प्रसंगी दोघांत एक शब्दही झालेला नाही. क्षमा न करणाऱ्या माणसाच्या हातूनही मदत झालीच, या जाणिवेत सुख आणि वेदना इतक्या मिसळल्या आहेत की त्यांची निवड ॲनलाही करता येत नाही. आणि त्या गाडीतला प्रवासही पाहण्याजोगा आहे: ॲडमिरल गप्पांच्या भरात गाडी खांबावर नेतात, मिसेस क्रॉफ्ट शांतपणे हात पुढे करून लगाम वळवतात, आणि गाडी सुखरूप निघते. पत्नीने पतीबरोबर जहाजांवरून समुद्र ओलांडले आहेत. त्यांना मूल नाही. आणि तारुण्य टिकवण्याचा कसलाही खटाटोप न करणारे हे रापलेले जोडपेच कादंबरीतले सर्वांत टवटवीत जोडपे आहे.

मग लाइम. ऑस्टिनने १८०४ चा उन्हाळा या समुद्रकाठच्या गावी काढला होता, आणि कॉब नावाचा तिथला जुना दगडी धक्का तिने मनात घट्ट धरून ठेवला होता. याच धक्क्यावर लुइसा पायऱ्यांवरून हट्टाने उडी मारते, पडते आणि बेशुद्ध होते. सगळे गोंधळतात आणि ॲन एकटी भानावर राहते. पण त्याआधीची सकाळ अधिक नाजूक आहे. समुद्रावरचा वारा ॲनच्या गालांना लागला आहे, डोळ्यांत चमक आली आहे. पायऱ्यांवर एक अनोळखी गृहस्थ तिच्याकडे आदराने आणि कौतुकाने पाहतो, आणि वेंटवर्थ ते पाहणे पाहतो. त्या परक्या नजरेच्या उजेडात त्यालाही जुनी ॲन पुन्हा दिसते. पुढे बाथमध्ये मुलीची कांती उजळलेली पाहून सर वॉल्टर विचारतात, काही लावतेस का? काहीच नाही, म्हटल्यावर ते गाउलंडचे लोशन सुचवतात. समुद्राचा वारा, आशा, कुणाच्या तरी उपयोगी पडल्याचे समाधान, यांतले काहीही पित्याच्या हिशोबात बसत नाही. मुलीच्या चेहऱ्यावर वसंत आलेला त्यांना दिसतो, तो कुठून आला हे मात्र कधीच दिसणार नाही.

नव्या सुरुवातीचे मोहही अनेक असतात, आणि बाथमध्ये ऑस्टिन दोन फसव्या सुरुवाती आपल्यापुढे ठेवते. पहिली लेडी रसेल यांच्या स्वप्नात आहे. गेलेल्या मैत्रिणीची, म्हणजे ॲनच्या आईची, छबी त्यांना एकट्या ॲनमध्ये दिसते. घराण्याचा वारस मिस्टर एलियट तिला मागणी घालील, ती आईच्या जागी लेडी एलियट होऊन केलिंच हॉलमध्ये परत जाईल, या कल्पनेने त्या हरखून जातात. क्षणभर ॲनही मोहित होते. आईचे नाव आपल्यात पुन्हा जिवंत व्हावे, हरवलेले घर परत मिळावे! पण त्या चित्रात मिस्टर एलियट स्वतः बोलू लागल्याची कल्पना करताच ते विरून जाते. तिला उमगते, की हा आरंभ नाही, ही जुन्याची आवृत्ती आहे. दुसरी सुरुवात वेंटवर्थचा आरमारी मित्र कॅप्टन बेन्विक याची. त्याची वाग्दत्त वधू फॅनी हारविल उन्हाळ्यात वारली. कवितांच्या आणि अश्रूंच्या आधाराने जगणारा हा तरुण काही महिन्यांतच लुइसाशी लग्न ठरवतो, आणि फॅनीसाठी काढवून घेतलेले आपले छोटे चित्र आता लुइसासाठी चौकटीत बसवायला द्यायचे असते. ते काम फॅनीच्या भावाच्या, कॅप्टन हारविलच्या, वाट्याला येते. आठवणीला कवटाळून बसणे आणि आठवण झटकून टाकणे ही एकाच अधीरतेची दोन रूपे आहेत, हे त्या बोटभर चित्राच्या चौकटीत दिसते.

त्या चित्रावरूनच कादंबरीचा मुकुटमणी ठरलेला प्रसंग घडतो, आणि तो आपल्याला मिळाला हेही भाग्यच. ऑस्टिनने कादंबरी ८ ऑगस्ट १८१५ रोजी लिहायला घेतली आणि पुढच्या जुलैत पहिल्यांदा संपवली. त्या शेवटात ॲडमिरलच्या बिऱ्हाडात दोघांची गाठ पडून गैरसमज मिटत होता. तिला तो फिका वाटला. प्रकृती ढासळत असताना तिने ती प्रकरणे बाजूला सारून नवी लिहिली आणि ६ ऑगस्ट १८१६ रोजी हात थांबवला. टाकून दिलेल्या त्या दोन प्रकरणांचे हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. नव्याने सुरुवात करण्याची कथा सांगणाऱ्या लेखिकेने शेवट स्वतःच नव्याने सुरू केला, आणि त्यातून व्हाइट हार्ट खाणावळीतली ती खोली जन्मली: खिडकीशी ॲन आणि हारविल बोलत आहेत, पुरुष अधिक काळ प्रेम करतो की स्त्री, टेबलाशी वेंटवर्थ चित्राच्या चौकटीविषयीचे पत्र लिहितो आहे. ग्रंथांचे दाखले नकोत, लेखणी आजवर पुरुषांच्याच हाती होती, असे ॲन म्हणते. आणि आशा संपल्यावरही प्रेम करत राहणे हेच आपल्या वाट्याचे, असे सांगताना तिचा कंठ दाटतो. मधेच टेबलावरून लेखणी खाली पडल्याचा आवाज येतो, आणि तो वाटला त्याहून किती जवळ बसला आहे हे ॲनला कळते. आठ वर्षे एकमेकांशी सरळ न बोललेली ही दोघे एकाच खोलीत तिसऱ्याशी बोलून, तिसऱ्याला लिहून, एकमेकांना सारे सांगतात. तो बाहेर जातो, हातमोजे राहिल्याच्या निमित्ताने परत येतो, कागदांखालून एक पत्र काढून तिच्यापुढे ठेवतो आणि विनवणाऱ्या डोळ्यांनी पाहून निघून जातो. त्या पत्रातली एकही ओळ इथे उतरवणार नाही. ती त्या खोलीत, ॲनच्या खुर्चीवर बसूनच वाचायची आहे.

आणि मग बाथच्या एका शांत पायवाटेवर ही दोघे भूतकाळाकडे परततात. लोकांची वर्दळ शेजारून जाते आहे, आणि ती दोघे मागची आठ वर्षे प्रसंगाप्रसंगाने उलगडतात. पहिल्या प्रेमाहून हे सुख अधिक गाढ आहे, कारण आता एकमेकांचे खरेपण कसोटीला लागून सिद्ध झाले आहे. १८०८ साली हाती थोडा पैसा आला होता, तेव्हाच पत्र लिहिले असते तर? वेंटवर्थ विचारतो, आणि ॲनच्या उत्तरात त्याला कळते की विरहाची सहा वर्षे निव्वळ त्याच्या अभिमानाने वाढवली. अभिमानाने जिंकलेल्या माणसाला आपण न कमावलेले सुख मिळते आहे, हे पचवायला शिकावे लागते. त्याची नवी सुरुवात इथे आहे. ॲन मात्र मागे वळून पाहते आणि म्हणते, तो सल्ला चुकीचा असेल, पण आईच्या जागी असलेल्या व्यक्तीचा शब्द मानला हे चुकले नाही. या भूमिकेशी वाचक वर्षानुवर्षे वाद घालत आले आहेत. तरी तिच्यातले औदार्य पाहा: आपल्या तरुणपणीच्या मुलीला ती दोषी ठरवत नाही, तिला सोबत घेऊनच पुढे निघते.

शेवटी सर वॉल्टर वेंटवर्थला दिवसाच्या उजेडात न्याहाळतात, रूप आणि नाव दोन्ही पसंत पडल्यावर लेखणी सज्ज करून वंशावळीत लग्नाची नोंद करतात. त्यांच्यात काही बदलले नाही. ऑस्टिन त्यांना बदलायला भाग पाडत नाही, ही तिची क्षमाशीलता. ॲनला मात्र तिने कोणताही वाडा दिला नाही. ऑस्टिनच्याच दुसऱ्या कादंबरीतल्या एलिझाबेथ बेनेटला पेम्बर्लीचा वाडा मिळाला, ॲनचा संसार कुठल्या छपराखाली थाटला हे कादंबरी सांगतच नाही. दिसते ती एक छोटी सुबक घोडागाडी आणि आरमारी माणसाच्या पत्नीची कायमची धास्ती. कथा १८१५ च्या आरंभी थांबते. फेब्रुवारीअखेर नेपोलियन एल्बा बेटावरून निसटणार आहे, हे लेखिकेला आणि तिच्या पहिल्या वाचकांना पक्के ठाऊक होते. कादंबरी छापून आली ती १८१७ च्या डिसेंबरात, लेखिका गेल्यावर पाच महिन्यांनी.

पण मला या पुस्तकाचा सर्वांत मोठा आनंद एका वयस्क स्त्रीच्या वाट्याला आलेल्या दोन-चार ओळींत वाटतो. लेडी रसेल यांना कबूल करावे लागते, की वेंटवर्थच्या उमदेपणाला त्यांनी उतावळेपणा मानले आणि मिस्टर एलियटच्या गुळगुळीत वागण्याला शहाणपण. दोन्ही माणसे ओळखण्यात त्या चुकल्या होत्या. एवढ्या वयात, एवढ्या प्रतिष्ठेत, त्यांना नवी मते आणि नव्या आशा बांधायच्या आहेत. आणि त्या बांधतात, कारण स्वतःच्या शहाणपणापेक्षा त्यांना ॲनचे सुख अधिक प्रिय आहे. वडीलधाऱ्यांनी आपल्या तारुण्याच्या आठवणी मुलांवर पांघरणे सोपे असते, आणि त्या आठवणी इतक्या प्रेमाने पांघरलेल्या असतात की मुलांना त्या दूर सारणेही जड जाते. ज्या दिवशी एखादी आई, मग ती मानलेली का असेना, म्हणते की तुझे आयुष्य मी चुकीचे वाचले, आता तू दाखवशील तसे वाचायला शिकेन, त्या दिवशी दोन पिढ्या एकदमच नव्याने सुरू होतात. तारुण्य परत मिळवण्याचा एवढाच मार्ग ऑस्टिनला ठाऊक आहे, आणि तो कोणत्याही वयात मोकळा आहे, असे ही कादंबरी आपल्या मनाशी ठामपणे, प्रेमाने सांगून जाते.